कौसाचं रिकामं बिंदगं

आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेवलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्वयंपाकघराला एक ओला, आंबूस वास येऊ लागतो. तो शेजारच्या तिन्ही घरांतून एकदम आला की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. येळवस आली. मिहिर, सानिका, तुमच्या कॅलेंडरात हा दिवस नाही. मार्गशीर्षातली अमावस्या. वेळ अमावस्या हे तिचं पुस्तकातलं नाव, पण लातुरात तसं कोणी म्हणत नाही. त्या दिवशी अख्खं लातूर घराला कुलूप घालून शेतावर जातं. ज्याला शेत नाही तो ओळखीच्याच्या शेतावर जातो, ओळखीचा नसला तरी रस्त्यावरून हाक येते आणि तो बांध ओलांडून आत जातो. जेवायला बसलेल्याला कोण, कुठला, हे कोणी विचारत नाही.

दरवर्षी हा वास आला की मला बरं वाटतं. यंदा आला तेव्हा मी गाळणं ओट्यावर इतक्या जोरात ठेवलं की त्याची दांडी वाकली.

हे तुम्हाला मराठीत लिहिते आहे, तुमच्या आईने वाचून दाखवावं म्हणून. एकतीस वर्षं मी कॉलेजात इंग्रजी शिकवली. पण इंग्रजीत रागावले की मी फार सभ्य होते. वाक्यं अशी नीटनेटकी उतरतात की समोरच्याला वाटतं, बाई आपले आभार मानते आहे. हे पत्र तसं होऊ द्यायचं नाही.

तर मागच्या हिवाळ्याची गोष्ट. तुमच्या बाबांचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. आजोबा गेल्यावर कपाटं आवरायला काढली, त्यात तो सापडला. मी तो पुसला, माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या आणि मगच बटण दाबलं. तुम्ही हसाल. पण मला असंच जमतं. एक वही केली. रोज एक फोटो, सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान, आणि घरापासून पन्नास पावलांच्या आत. पन्नास पावलांचा नियम माझ्या गुडघ्यांनी घातला होता, पण पुढे तोच मला आवडू लागला.

पन्नास पावलांत काय असतं, हे मला त्या आधी माहीतच नव्हतं. समोरच्या मेसबाहेर क्लासच्या मुलांच्या चपला. लातूरला डॉक्टर व्हायला आलेली ती गावोगावची मुलं, घाईने जेवायची, त्यामुळे एकही चप्पल सरळ नसे. काही तर उडी मारताना थांबल्यासारख्या तिरक्या. इस्त्रीवाल्याच्या गाड्यावर थंड कोळशावर बसलेली मांजर. गच्चीवर वाळत घातलेलं सोयाबीन आणि त्यात कोणीतरी चालून गेल्याची वाट. आणि गाळण्यातली चहापत्ती. रोज तीच चहापत्ती, पण निथळल्यावर रोज वेगळ्या डोंगरासारखी बसते. ती मी अकरा दिवस काढली. वहीत क्रमांक, वेळ, उजेड कुठून होता ते, आणि एक ओळ. बाविसाव्या क्रमांकासमोर मी लिहिलं आहे, 'आज चहापत्ती किनवटच्या डोंगरासारखी.'

डोळे नव्याने उघडल्यासारखे झाले होते. सत्तरीला हे भाग्य थोडं नाही.

रविवारी हौशी छायाचित्रकारांचा एक गट जमतो, तिथे मला श्रीकांत घेऊन गेला. श्रीकांत माझा जुना विद्यार्थी, आता त्याचा स्टुडिओ आहे, आणि गटाचं सगळं तोच बघतो. मी माझे फोटो दाखवले. मंडळी चांगली होती, मॅडम छान, मॅडम वा म्हणाली. श्रीकांत मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, रागावू नका. पण चहाची गाळणी कोण बघतं? मार्चमध्ये नांदेडला प्रदर्शन आहे. विषय आहे, मराठवाड्याचा चेहरा. काहीतरी संघर्ष पाहिजे."

"इतक्या चपलांत संघर्ष नाही का रे?" मी विचारलं.

"आहे, पण दिसत नाही ना," तो म्हणाला.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. एके वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते खरं आहे. आम्ही ते वर्ष भोगलं आहे, आंघोळीचं पाणी फरशीला आणि फरशीचं झाडाला घालून. ते कोणी नाकारत नाही. पण तेव्हापासून इकडे जो कॅमेरा घेऊन येतो, तो तहान शोधतच येतो. बसमधून उतरतो आणि विचारतो, भेगा कुठे आहेत. पाऊस बरा झालेल्या वर्षीही विचारतो. हिरवं रान त्याच्या वाटेत येतं, त्याची त्याला अडचण होते.

आणि इथे मला माझं काळ्या मातीचं ज्ञान सांगणं भाग आहे, जे मला कौसाने दिलं. कौसा, म्हणजे कौसल्या, माझी धाकटी जाऊ, तुमची काकूआजी. मुरुडच्या पुढे आपलं शेत आहे, ते तीच बघते. आजोबांचे धाकटे भाऊ फार लवकर गेले, तेव्हापासून नांगरटीपासून मळणीपर्यंत सगळं तिच्या शब्दावर चालतं. मी लातुरात पेपर तपासत असायचे आणि ती पाण्याच्या पाळीला उभी असायची. मी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, म्हणून ती मला अक्का म्हणते. एरवी ती माझ्याहून सगळ्याच बाबतींत थोर आहे.

मागच्या येळवशीला मी शेतावर गेले तेव्हा कॅमेरा गळ्यात होता. पन्नास पावलांचा नियम मी एका दिवसापुरता मोडला होता, तशी वहीत नोंद केली होती. शाळू पोटऱ्यात आलेला, कणीस अजून पानाच्या पोटात. शाळू म्हणजे हिवाळी ज्वारी. त्याच्या कडेने हरभरा, पलीकडे करडई, मध्ये कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली. कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडलेले, ते पांडव. त्यांची पूजा झाली, आंबिलीचे आणि भज्जीचे शिंतोडे पिकाला घालून झाले आणि पंगत बसली. भज्जी म्हणजे तुमच्याकडची तळलेली भजी नव्हेत. वाल, तूर, हरभरा, पातीचा कांदा, बोरं, चिंच, रानात जे हाताला लागेल ते सगळं बेसनात शिजवलेलं. तिखट, आंबट, आणि गरम. तीन पंगती उठल्या. रस्त्याने जाणारी एक अख्खी वऱ्हाडाची जीप कौसाने हाका मारून आत घेतली.

मी मात्र बांधावर वाकून जमिनीतल्या भेगांकडे बघत होते. उन्हाची एक तिरीप भेगेत उतरली होती.

"अक्का, काय करलालाव तिथं?" कौसाने हाक मारली. "या की इकडं, भज्जी गार व्हायलीय."

"फोटो काढते आहे."

"कशाचा, भेगांचा?" ती जवळ आली, माझ्याशेजारी उकिडवी बसली. "आवं, भेगा काय बघताव. शाळूच्या रानाला भेगा पडत्यातच. बोट घालून बघा आत."

मी घातलं. दुसऱ्या पेराशी माती गार लागली. आणखी आत ओल होती, बोटाला काळी चिकटून आली.

"ती ओल पिऊन शाळू वर येतो," कौसा म्हणाली. "पाऊस लागत न्हाई त्याला आता. वरून बघणाराला वाटतं रान मेलं. आत समदं ठेवलेलं अस्तं."

मी वहीत हे वाक्य तिथेच उतरून घेतलं. कौसाला त्याचं फार हसू आलं. "मास्तरीण बाई, परीक्षा घेणार का माझी?" ती म्हणाली.

आता बिंदग्याबद्दल. बिंदगं म्हणजे आंबिलीचं मोठं मडकं. सकाळी ते डोक्यावर घेऊन, वरून घोंगडी पांघरून, वाजतगाजत शेतावर आणतात. आपल्या घरची एक रीत आहे, दुसरीकडे आहे की नाही मला माहीत नाही. सगळ्या पंगती उठल्या, वाटसरू जेवले, गुरांना घास झाला, की बिंदग्यातला शेवटचा घोट घरची थोरली बाई पिते. ग्लासात नाही, वाटीत नाही. बिंदगं दोन्ही हातांनी उचलायचं, मान मागे टाकायची आणि तोंडात उपडं करायचं. बिंदगं तळापर्यंत रिकामं झालं, याचा अर्थ एवढाच की आज या बांधावरून कोणी उपाशी गेलं नाही. आणि ते उपडं करणारी बाई ही या रानाची मालकीण, हे सगळ्या शिवाराला दिसावं म्हणून ती बांधावर उभी राहून पिते.

हा मान खरा माझा. सासूबाई थकल्या त्या वर्षी त्यांनी बिंदगं माझ्यापुढे केलं होतं. मी कडक इस्त्रीची साडी नेसून गेले होते. मी म्हणाले, "मला ग्लासात द्या." सासूबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बिंदगं कौसाच्या हातात दिलं. तेव्हापासून ते तिचं. मला त्याची खंत वाटली असं नाही. स्वच्छतेच्या दृष्टीने मी बरोबरच होते, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले.

तर मागच्या वर्षी ती बांधावर चढली, बिंदगं उचललं, मान मागे टाकली, डोळे मिटले. जरीकाठी हिरवं लुगडं, डावीकडे माणसापेक्षा उंच शाळू, उजवीकडे पत्रावळींचा ढीग आणि त्याभोवती जमलेली कुत्री, कोपीच्या सावलीत आडवी झालेली जेवलेली माणसं. पायाशी भेगाळलेली काळी जमीन. मी बटण दाबलं. वहीत क्रमांक अठ्ठावन्न. ओळ अशी लिहिली आहे: 'कौसा, शेवटचा घोट. सगळे जेवले.'

श्रीकांतने तो फोटो माझ्या संगणकावर बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, हाच," तो म्हणाला. त्याने एक इंग्रजी फॉर्म पुढे केला. दोन पानी होता. मी, जी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही भिंग लावून वाचते, तिने तो न वाचता सही केली. का, ते सांगते. फॉर्म देणारा माझा विद्यार्थी होता, आणि मला वाटलं, वाचायला बसले तर त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. आणि खरं तर मी खूश झाले होते. गाळणीवाल्या बाईंना अखेर कोणीतरी छायाचित्रकार म्हटलं होतं.

प्रदर्शनात फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. सर्दीमुळे मी नांदेडला गेले नाही, प्रशस्तिपत्र घरी आलं. मी ते तीन दिवस टेबलावर उभं करून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. चौथ्या दिवशी श्रीकांतने भिंतीवर टांगलेल्या फोटोचा फोटो पाठवला.

शाळू नव्हता. पत्रावळी नव्हत्या, कुत्री नव्हती, माणसं नव्हती. डावीकडचं कापलं होतं, उजवीकडचं कापलं होतं. हिरवं लुगडं राखेच्या रंगाचं झालं होतं, कारण रंगच काढून टाकले होते. उरल्या होत्या भेगा, आणि त्या भेगांवर उभी, डोळे मिटून रिकामं मडकं तोंडात उपडं करणारी एक बाई. नाव दिलं होतं, 'तहान'. त्याखाली ओळ होती, पाण्याच्या अखेरच्या थेंबाच्या शोधात मराठवाड्यातली एक स्त्री.

मी ते तीनदा वाचलं. मग प्रशस्तिपत्र उचलून ट्रंकेत, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या खाली घातलं.

श्रीकांतशी जे बोलणं झालं ते असं.

"मॅडम, फोटो तोच आहे. मी त्यात बाहेरचं काही घातलेलं नाही," तो म्हणाला.

"काढलंस किती?"

"क्रॉप सगळेच करतात. नजर विषयावर जावी म्हणून. फॉर्ममध्ये लिहिलं होतं तसं. आणि तुम्हीच शिकवायच्या की, अनावश्यक ते काढा, थोडक्यात लिहा."

"सारांशात मूळ अर्थ बदलला तर मी शून्य द्यायचे, ते विसरलास," मी म्हणाले. "आणि तुला एकदा दिलंही होतं."

तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे. "लोकांना मराठवाडा म्हटलं की हेच पटतं, मॅडम. त्यांच्या मनातलंच त्यांना दाखवलं. गाळणी पाठवली असती तर बक्षीस आलं असतं का?"

नसतं आलं. म्हणूनच मला चीड येते. माझ्या जावेने तीन पंगती वाढल्या, एक वऱ्हाड जेवू घातलं, ते कोणाला नको आहे. तिचं भरलेलं पोट बघायला कोणी हॉलमध्ये येणार नाही, तिची तहान बघायला तिकीट काढून येतील. भेगेत बोट घालून बघायची कोणाला गरज वाटत नाही, कारण भेग वरूनच छान दिसते.

श्रीकांत वाईट माणूस नाही. मी निक्षून सांगितल्यावर त्याने दोन दिवसांत तो फोटो इंटरनेटवर जिथे जिथे टाकला होता तिथून काढला. पण तोवर तो त्याच्या हातात राहिला नव्हता. पुण्याच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून तो माझ्याच मैत्रिणीला आला, खाली उपदेश होता, आंघोळीला एकच बादली वापरा. म्हणजे कौसा आता तिकडच्या लोकांना नळ बंद करायला सांगत होती. शेतात विहीर आणि घरात नळ असलेली कौसा.

हे सगळं माझ्या मानापमानापुरतं असतं तर मी गिळलं असतं. पण तेव्हा बालाजीचं ठरत होतं.

बालाजी तुमचा काका, कौसाचा एकुलता एक. एकोणतीस वर्षांचा, शेती शिकलेला, मितभाषी. शेतकरी मुलाला मुलगी मिळणं आजकाल किती अवघड झालं आहे, हे तुम्हाला तिथे बसून कळणार नाही. चार ठिकाणी नकार झाल्यावर नांदेडची ही मुलगी आली होती. बघणं झालं होतं. दोघं आपणहून फोनवर बोलत होती. फाल्गुनात बैठक ठरायची होती आणि कौसाने घराला रंग काढला होता.

फोटो नांदेडला भिंतीवर होता. मुलीच्या मामाने तो तिथे बघितला. बघायला आले तेव्हा त्याला कौसानेच चहा दिला होता, त्यामुळे त्याने तिला ओळखलं. आठ दिवसांत निरोप आला की पत्रिकेत थोडी अडचण आहे.

कौसाला फोटो भावकीतल्या एका मुलीने मोबाईलवर दाखवला. मी त्या दिवशी मुद्दाम गावाला गेले, आधी मीच सांगावं म्हणून, पण उशीर झाला होता. ती ओसरीत तूर पाखडत बसली होती. मी बोलायला सुरुवात केली. तिने सूप थांबवलं नाही.

"अक्का, माझं पोट भरलं व्हतं त्या वक्ताला," ती म्हणाली.

मी म्हणाले, मला माहीत आहे.

"तुमी तर व्हताव की तिथं."

एवढंच. नंतर तिने मला चहा दिला, नेहमीसारखी कमी साखर घालून.

मी नांदेडला गेले. सर्दी नव्हती, गुडघे होते, पण गेले. अख्खा फोटो मोठा करून घेतला होता, शाळूसकट, कुत्र्यांसकट, रंगासकट. मुलीच्या आईने आदराने बसवलं, पोहे केले. "तसं काही नाही हो मॅडम, पत्रिकेतच जरा," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि फोटोकडे बघणं टाळत राहिली. मुलगी दारात उभी होती. तिने मात्र फोटो हातात घेऊन नीट बघितला. कोपऱ्यातल्या बाजेवर तिची आजी बसली होती, माझ्याच वयाची. तीच शेवटी बोलली.

"बाई, मला नका दावू फोटो. दोन कोसांवरून घागरी आणल्यात मी ह्या डोक्यावर. केस गेले माझे. पोरीला त्याच्यात द्यायची न्हाई."

"त्यांच्याकडे विहीर आहे," मी म्हणाले. "घरात नळ आहे. हा सणाचा फोटो आहे."

"समदे तसंच सांगतात. मलाबी तसंच सांगून दिलतं."

मुलांनो, मी त्या बाईवर रागावू शकले नाही. तिने तहान भोगलेली होती. तिला त्या कापलेल्या फोटोत कौसा दिसलीच नव्हती, ती स्वतः दिसली होती. ज्यांनी ती कधी भोगली नाही आणि भिंतीला टांगून घेतली, त्यांच्यावर माझा राग आहे. आणि बसमध्ये परत येताना, मांडीवर तो गुंडाळलेला फोटो घेऊन, सगळ्यात जास्त स्वतःवर होता. एक फॉर्म वाचला नाही मी.

ती सोयरीक मोडली. उन्हाळ्यात त्या मुलीचं दुसरीकडे लग्न झालं. बालाजी मला म्हणाला, "जाऊ द्या काकू," आणि मोटर चालू करायला गेला. तो तसाच बोलतो.

आता तुमचं. मिहिर, तू तो कापलेला फोटो इंटरनेटवर बघून मला लिहिलंस की आजी, मन हेलावून टाकणारा आहे. सानिका, तू तो शाळेत पाण्याच्या प्रकल्पाला लावलास आणि तुझ्या बाईंनी त्याखाली शेरा दिला. तुझ्या आईने मला तो कौतुकाने पाठवला. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण फोनवर माझ्या तोंडून इंग्रजीच येते. आता बोलते. सानिका, तू सहा वर्षांची असताना याच बाईच्या मांडीवर बसून आंबील प्यायली होतीस. तुझ्या ओठावर पांढरी मिशी उमटली आणि ती पुसू द्यायला तू तयार नव्हतीस. मिहिर, तुला बांधावर काटा रुतला, तेव्हा तो हिने काढला. त्या फोटोत तुम्ही तिला ओळखलं नाही. तुमचा दोष नाही, असं मी म्हणणार नाही. थोडा आहे. इतकं दुःख वाटलं, तर ही कोण, एवढं तरी विचारायचं होतं. ती बाई म्हणजे 'मराठवाड्यातली एक स्त्री' नाही. तिचं नाव कौसल्या आहे. शाळेत जाऊन हे सांग, सानिका. शेरा गेला तरी चालेल.

परवा येळवस झाली. शाळू यंदाही चांगला आहे. कोप उभी होती, पांडव मांडले होते, पाहुण्यांना हाका जात होत्या. कौसाने नेहमीसारखी सगळ्यांना दमदाटी करून दुसऱ्यांदा वाढलं. बालाजीला उदगीरकडचं एक ठिकाण सांगून आलं आहे, त्यावर भावकीतल्या आमच्या जावा-नणंदांनी त्याला भरपूर पिडलं. कॅमेरा मी नेला होता, पण पिशवीतच होता. काढायचा धीर झाला नाही.

शेवटची पंगत उठली. गुरांना घास झाला. बिंदगं तळाला आलं. मी बांधाकडे बघत होते. कौसा बांधावर चढली नाही. ती बिंदगं घेऊन कोपीच्या मागे गेली, रस्त्याकडे पाठ केली आणि उरलेली आंबील मातीत ओतायला वाकली. चौतीस वर्षं जी बांधावर मान मागे टाकत आली, ती रस्त्यावरच्या कोणी बघेल म्हणून लपत होती. तिच्या स्वतःच्या रानात.

मी गुडघ्यांचा विचार न करता उठले. "कौसा, थांब."

"काय न्हाई अक्का, थोडीच हाय. रानाला घालते."

"तो घोट रानाचा नाही. दे इकडे."

"ग्लास आनू का?" तिने विचारलं. चौतीस वर्षांनी विचारलं, आणि तोंडावर जरासुद्धा हसू येऊ न देता.

"नको ग्लास," मी म्हणाले.

बांधावर चढायला मला बालाजीने हात दिला. बिंदगं वाटलं त्याहून जड होतं. मी मान मागे टाकली, डोळे मिटले, उपडं केलं. आंबील आंबट होती, तळाशी लसूण आणि जाड पीठ साचलेलं. अर्धी तोंडात गेली, अर्धी गळ्यावरून इस्त्रीच्या साडीवर. रस्त्याने एक मोटारसायकल गेली, तिच्यावरच्यांनी वळून बघितलं. बघू दे, म्हटलं.

"अक्का, पदर भिजला की समदा," कौसा म्हणाली, आणि मग ती हसली, वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, जशी लग्न होऊन आली त्या वर्षी हसायची तशी. मग माझ्या पिशवीकडे गेली. "हे कुटं दाबायचं?"

मी वरूनच सांगितलं. ती मागे सरकली. आणखी मागे सरकली. मी म्हणाले, इतकं लांब नको, मी दिसणार नाही. ती म्हणाली, "तुमी दिसलाव काय अन् न्हाई काय. रान यिऊ द्या की समदं."

तो फोटो सोबत पाठवते आहे. वहीत त्याचा क्रमांक शंभर आहे, कारण मागच्या येळवशीनंतर रोजचा नेम ढिला झाला आणि 'तहान'नंतर वही बंदच होती. क्षितिज तिरकं झालं आहे, डाव्या कोपऱ्यात कौसाचा अंगठा आला आहे, आणि मी उजवीकडे इतकी लहान आहे की तुम्हाला शोधावं लागेल. बाकी सगळा शाळू. पत्रावळी आहेत, कुत्री आहेत, झोपलेली माणसं आहेत. मी तो सरळ केलेला नाही आणि कुठूनही कापलेला नाही. तुम्हीही कापू नका, अंगठासुद्धा.